समोरच्या घरचा कुकर

कुकर हा शब्द मराठी नाही हे मला कळलं तेव्हा मी चांगली मोठी झाले होते. यवतमाळला आमच्या घरी तो पळी, परात, पातेलं यांच्याच पंगतीत बसायचा आणि त्याचं मूळ गाव कोणतं हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे इंग्रजीवरच माझं पोट चालू लागलं. दिवसभर त्याच भाषेत मेल लिहायच्या, त्याच भाषेत माफी मागायची. तरी हा एक शब्द माझ्या लेखी कधी इंग्रजी झाला नाही. त्याचे जेवढे अर्थ मला येतात त्यातले बहुतेक बिबवेवाडीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, समोरच्या काकूंकडून आले. या एका भांड्याने माझी नोकरी राखली आणि काकूंचं घर राखलं. दोन्हींबद्दल मी कोणाचे आभार मानायचे हे मला पक्कं ठाऊक आहे, फक्त ते त्यांच्या तोंडावर कधी मानता आले नाहीत. मानले असते तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा दर दोन घरांआड कोणीतरी कॉम्प्युटरचा क्लास करत होतं. नवरा भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता आणि मी नव्यानेच एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले होते. आहेरात तीन कुकर आले होते. त्यातले दोन आईने पुढे कोणाच्या तरी लग्नात द्यायला होतील म्हणून माळ्यावर टाकले आणि तिसरा माझ्याबरोबर रेल्वेने पुण्याला आला. स्वयंपाकात मी फार तरबेज नव्हते, पण वरणभात तरी डोळे मिटून करता येतो अशी माझी समजूत होती. नेमकी तीच खोटी ठरली. नव्या घरात माझी डाळ काही केल्या शिजेना. रोज वरणात डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. नवरा बिचारा काही न बोलता जेवायचा, ते मला जास्त लागायचं. मी पाणी बदलून पाहिलं, डाळीचं दुकान बदललं, शेवटी पुण्याच्या हवेवर खापर फोडून मोकळी झाले.

एका संध्याकाळी समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. तोवर आमची ओळख जिन्यात हसण्यापुरती होती. पन्नाशी उलटलेली, सडसडीत बाई. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा इंजिनिअरिंगला होता. पेठेतली जागा सोडून त्या इकडे राहायला आल्या होत्या, पण पेठ काही त्यांच्या बोलण्यातून गेली नव्हती.

"अहो, आमच्या शिट्ट्यांवर तुमचा गॅस बंद करत जाऊ नका," त्या म्हणाल्या. "आमच्या आम्हाला लागतात."

मला काहीच कळेना. मग त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात नेऊन खिडकीशी उभं केलं. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत, एकाच डक्टवर, उघडत होत्या. दोघींचे कुकर साधारण एकाच वेळी गॅसवर असत. त्यांची शिट्टी डक्टमधून अशी स्वच्छ यायची, की ओट्याकडे पाठ करून पोळ्या लाटणाऱ्या मला ती आपलीच वाटायची. मी इमानेइतबारे तीन मोजत होते, पण त्यातल्या दोन तरी समोरच्या घरच्या असायच्या. माझा कुकर एखादी शिट्टी करून गप्प बसतो हे काकूंना ऐकू जात होतं आणि रोज मनाला लावून घेण्याइतकं ते त्यांना खटकत होतं. मी हसत सुटले. त्या हसल्या नाहीत. उद्यापासून मी दहा मिनिटं आधी कुकर मांडत जाईन, असं मी म्हटलं, तर दारातून वळून त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. "कुकर मांडत नाहीत, लावतात. मांडतात ते पाट."

आमच्याकडे यवतमाळला चहासुद्धा मांडतात, हे मी त्यांना पुढे पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांनी ते कधीच मान्य केलं नाही.

त्या दिवसापासून डाळ शिजायला लागली आणि माझं शिक्षणही सुरू झालं. इमारतीत कुकर म्हणजे नुसतं भांडं नव्हतं. 'रात्री काय केलंत' या प्रश्नाला 'काही नाही, फक्त कुकर' असं उत्तर आलं, की वरण, भात, तूप, लिंबू आणि फार तर पापड, असा पूर्ण बेत समजून घ्यायचा असे. कुकरच्या वेळेला येते, असं कोणी म्हटलं तर घड्याळ पाहायची गरज नसे, दिवेलागण झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात ती बाई दारात असे. कुकर पडला का, असं विचारलं तर घाबरून ओट्याकडे धाव घ्यायची नसे, वाफ बसली का एवढंच विचारलेलं असे. आणि सगळ्यांत उपयोगी अर्थ होता तो निरोप देण्याचा. पुण्यात पाहुण्याला 'आता निघा' म्हणणं वाईट दिसतं, आणि न म्हणणं परवडत नाही. 'चला, कुकर लावायचाय' एवढं म्हटलं की समोरचं माणूस चप्पल शोधू लागतं. काकू हे वाक्य सकाळी अकरालासुद्धा वापरत आणि त्यांचा कुकर झालेला आहे हे माहीत असलेली माणसंही निमूट उठत.

आमच्या ऑफिसात मात्र हा शब्द वेगळाच ऐकू यायचा. आमचे साहेब मीटिंगमध्ये दर आठवड्याला सांगत, की आपलं प्रोजेक्ट म्हणजे प्रेशर कुकर झालं आहे. सगळे गंभीरपणे माना डोलावत. मला वाटायचं, या गृहस्थाने आयुष्यात एकदाही कुकर लावलेला नाही. घरातलं हे एकच भांडं असं आहे, की जे लावून आपण दुसऱ्या कामाला जाऊ शकतो आणि जे आपलं झालं की स्वतःहून हाक मारतं. आमचं प्रोजेक्ट तसं असतं तर आणखी काय हवं होतं.

मुलगी झाली आणि त्या प्रोजेक्टने खरोखरच माझा जीव काढला. परदेशातली माणसं सकाळी ऑफिसात येत तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असे आणि कॉल नेमके त्याच वेळी लागत. पाळणाघर संध्याकाळी बंद होई. नवऱ्याची दुपारची शिफ्ट असली की पोरीला आणायला कोणी नाही. सासूबाईंची तब्येत तोळामासा, आई यवतमाळला भावाच्या संसारात अडकलेली. महिनाभर ओढाताण करून मी ठरवलं, की आता पुरे. राजीनामा लिहिला. त्या संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन कुलूप उघडताना समोरचं दार उघडं दिसलं, तेव्हा काकूंना ते सांगितलं. सांगताना रडू आलं, कारण ती नोकरी मला मनापासून आवडत होती. आमच्या अख्ख्या खानदानात पगार घेणारी मी पहिली बाई होते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "राजीनामा कशासाठी? वरणभातासाठी?" त्यांनी विचारलं. "हिला पाळणाघरातून मी आणते. कुकर मी लावते. तू तुझ्या वेळेला ये."

अहो-जाहोवरून त्या अगंतुगंवर आल्या त्या अशा. मी काहीतरी बोलू लागले तर म्हणाल्या, "मी एकटीसाठी लावतेच. त्यात आणखी एक मूठ तांदूळ टाकायला मला काही वेगळी विद्या लागत नाही."

मग आमची पद्धत बसली. सकाळी निघताना मी डाळ-तांदूळ दोन वाट्यांत घालून त्यांच्या ओट्यावर ठेवायची. संध्याकाळी त्या त्यांच्या मोठ्या कुकरमध्ये दोन्ही घरांचं लावायच्या. डाळ दोघींची एकाच भांड्यात, कारण हळद-हिंगावर आमचं एकमत होतं. भात मात्र वेगवेगळे, कारण आम्हाला मोकळा लागायचा आणि त्यांना गुरगुट्या. सगळ्यांत वरच्या भांड्यात एक बटाटा. तो माझ्या लेकीचा. तूप-मीठ घालून कुस्करलेला तो बटाटा खातच ती मोठी झाली. ऑफिसची बस मला कोपऱ्यावर सोडायची तेव्हा तिचं जेवण होऊन ती काकूंच्या पलंगावर लोळत असायची आणि माझ्या ओट्यावर झाकलेलं वरण अजून गरम असायचं. रविवारी मी मार्केट यार्डातून दोन्ही घरांची भाजी आणायची. काकू प्रत्येक पिशवी उघडून नाक मुरडायच्या. त्यांच्या मते यार्डात भाजी मिळते ती ढिगाने, निवडलेली भाजी फक्त मंडईत मिळते. तरी ती पिशवी त्यांनी एकदाही परत पाठवली नाही.

त्या वर्षांत मला दोन बढत्या मिळाल्या. आमच्याबरोबर लागलेल्या कितीतरी जणी एकेक करून घरी बसल्या, त्यात माझ्याहून हुशार होत्या. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की त्यांच्या समोरच्या दारात काकू राहत नव्हत्या.

लेक शाळेत वरच्या वर्गात गेली, स्वतःच्या किल्लीने घर उघडू लागली. माझ्याही कामाच्या वेळा सुधारल्या आणि संध्याकाळचा कुकर पुन्हा माझ्या ओट्यावर आला. काकू रात्रीचं थालीपीठ नाहीतर दूध-पोह्यावर भागवू लागल्या, त्यांचा कुकर सकाळचा झाला. बटाटा मात्र त्यांनी सोडला नाही. शाळेत जाताना आणि पुढे कॉलेजला जातानाही लेक समोर डोकावून तो खाऊन जायची. काकूंचा मुलगा एव्हाना बंगलोरला चांगल्या नोकरीत होता, लग्न होऊन तिकडेच स्थिरावला होता. आणि काकूंना ऐकू येईनासं झालं होतं.

ते त्यांनी बरेच दिवस लपवलं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून त्या इतकं नेमकं खोचक उत्तर देत, की कोणाला शंका येऊ नये. कानाचं यंत्र आणलं, ते कपाटात ठेवलं, कारण त्यात म्हणे नको त्यांचंही ऐकू येतं. मग एका सकाळी मला डक्टमधून करपल्याचा वास आला. किल्ली आमच्याकडे असायचीच. मी दार उघडते तोवर स्वयंपाकघरात दणका झाला. आत गेले तर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला, डाळ छताला चिकटलेली आणि काकू बाहेरच्या खोलीत पाठमोऱ्या बसून शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांना शिट्ट्याही ऐकू आल्या नव्हत्या आणि दणकाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकल्या. छताकडे पाहून म्हणाल्या, "रंग द्यायचाच होता."

ही बातमी मुलापर्यंत गेली. मी नाही सांगितलं, पण छत त्याला दिसलंच. तो पुढच्याच शनिवारी आला होता. मुलगा सज्जन, आईवर जीव असणारा, आणि त्याचं काही चुकतही नव्हतं. त्याने मला आणि नवऱ्याला बोलावून घेतलं आणि आईसमोरच सांगितलं, की एक तर तिने बंगलोरला यावं, नाहीतर गॅस काढून टाकावा आणि दोन वेळचा डबा लावावा. काकू त्याच्या ओठांकडे बघत बसल्या होत्या.

"तुझ्याकडे मी पाहुणी," त्या म्हणाल्या. "आणि डबाच खायचा तर हे घर कशाला? मग ते नुसतं कुलूप न लावलेलं बंद घर."

मुलाने नुसतं छताकडे बोट दाखवलं. काकूंनी वर पाहिलंच नाही. एरवी शब्दाला शब्द लावणारी ही बाई हरली आहे हे मला दिसत होतं, आणि ते मला सहन झालं नाही. इतकी वर्षं माझ्या घरातला दिवा जळत राहावा म्हणून त्यांनी गॅस पेटवला होता. मी काही फार विचार केला असं नाही. तोंडातून निघून गेलं, की काकूंच्या शिट्ट्या मी मोजते. नाहीतरी लग्न झाल्यापासून मोजतेच आहे.

त्यातून आमची नवी पद्धत निघाली. काकूंनी सकाळी ठरल्या वेळी, मी डबे भरत असताना, कुकर लावायचा. मोबाईल थरथरेल असा करून कमरेला खोचायचा. डक्टमधून तिसरी शिट्टी आली, की मी मिस्ड कॉल द्यायचा. फोन थरथरला, की त्यांनी गॅस बंद करायचा. त्या काळात मिस्ड कॉलवर अर्धं पुणं चाललं होतं. पोचलो, खाली ये, दूध आण, सगळं फुकटात कळत होतं. त्यात कुकर झाला हे एक वाढलं. मुलाने हे तीन दिवस राहून स्वतः तपासलं. जाताना म्हणाला, "वहिनी, तुमच्या भरवशावर जातोय. पण पुन्हा असं काही झालं तर मी तिचं ऐकणार नाही." ते मी लक्षात ठेवलं. काकूंनीही.

ही पद्धत कितीतरी वर्षं चालली. मी गावाला गेले तर नवरा मोजायचा, तो पहाटपाळीला असला तर लेक मोजायची. मोबाईल बदलले, नंबर तोच. फोनमध्ये त्यांचं नाव मी 'कुकर' असंच ठेवलं होतं.

मग ऑफिसने मला दीड महिन्यासाठी इंग्लंडला पाठवलं. जाण्याआधी तिथल्या घरमालकिणीची मेल आली, की स्वयंपाकघरात कुकर आहे. मला फार बरं वाटलं. बॅगेत आधी टाकलेला माझा छोटा कुकर काढून ठेवला आणि त्या जागेत मेतकूट आणि चटण्या भरल्या. तिथे पोचून सगळी कपाटं उपसली. शेवटी त्या बाईंनाच विचारलं, तर त्यांनी कौतुकाने शेगडीवर हात ठेवला. त्यांच्या देशात कुकर म्हणजे ओव्हनसकट अख्खी शेगडी. ज्या भाषेतून तो शब्द आमच्याकडे आला त्या भाषेच्या मुलखात मी दीड महिना उघड्या पातेल्यात भात शिजवला. डाळ तर शिजलीच नाही. पुन्हा डाळ वेगळी, पाणी वेगळं. आणि शिट्टी ऐकू न येणारं स्वयंपाकघर किती मुकं असतं हेही तिथेच कळलं.

नवऱ्याची त्या दिवसांत पहाटपाळी होती, म्हणून समोरच्या शिट्ट्या मोजायचं काम मी लेकीला नीट सोपवून आले होते. पहिले काही दिवस तिने ते केलंही. एकदा फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणून गेली, की परीक्षा असल्यामुळे ती सकाळी उशिरा उठते आणि आठवडाभर आजीला मिस्ड कॉल दिलेलाच नाही. मी तिला नको नको ते बोलले. काकूंना फोन करून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू येत नाही हीच तर सगळी अडचण. लेकीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता समोर जा आणि छताकडे बघून ये. ती जाऊन आली. छत साफ होतं. आजी जेवून पेपर वाचत बसली होती आणि आईला निरोप होता, की डाळ छान शिजते आहे.

परत आल्यावर मी पहिल्याच दिवशी काकूंसमोर जाऊन बसले. हळू आणि स्वच्छ बोलत विचारलं, की मिस्ड कॉल नव्हता तर गॅस कसा बंद केला?

"वाफ दिसते की," त्या म्हणाल्या. "बहिरी झालेय मी, आंधळी नाही. डाळ छताला गेली त्या दिवसापासून मी ओट्यासमोर खुर्ची टाकून बसते. कुकर होईपर्यंत उठत नाही."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या फोनची गरजच नव्हती?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. हे त्या उत्तर द्यायचं नसलं की करायच्या. पण त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं. "पोराला दाखवायला काहीतरी हवं होतं, ते तुझ्यामुळे मिळालं. आणि दुसरं म्हणजे, तुझा फोन थरथरला की मला कळतं, माझी शिट्टी कोणीतरी ऐकली. मी आहे, हे सकाळच्या सकाळी एका माणसाला कळलेलं असतं. एकट्या बाईला ते पुष्कळ झालं."

मी त्यांचा हात धरला असावा, कारण त्यांनी तो सोडवून घेतला. "चला," त्या म्हणाल्या, "कुकर लावायचाय मला." दुपारचे तीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या शिट्टीला मी मिस्ड कॉल दिला. त्यानंतर एक दिवस चुकू दिला नाही.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. फक्त लेकीला कॉलेजात लवकर पोचायचं होतं, म्हणून ती समोर न डोकावताच गेली होती. मी डबे भरत होते, आमची भाजी झाली होती. डक्टमध्ये काहीच आवाज नव्हता. मी फोन ओट्यावर ठेवला, कणीक झाकली, पुन्हा फोन हातात घेतला. बसची वेळ टळली. मग खिळ्यावरची किल्ली घेऊन समोर गेले.

काकू ओट्यासमोरच्या खुर्चीत होत्या. मांडीवर पेपर, शब्दकोड्याची घडी वर. फोन कमरेला. कुकर गॅसवर ठेवलेला होता, झाकण लावलेलं, शिट्टी बसवलेली. गॅस पेटवायचा राहिला होता.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. मी मुलाला फोन केला, तो दुपारच्या विमानाने पोचला. भरपूर माणसं आली. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गर्दीत मी तो कुकर उचलून माझ्या घरी आणला आणि उघडून पाहिला. खाली डाळ, हळद-हिंग घातलेली. मध्ये धुतलेले तांदूळ. वरच्या भांड्यात एक बटाटा. कॉलेजातून धावत आलेली माझी लेक माझ्यामागे उभी होती. तिने तो पाहिला आणि मग तिला आवरणं कठीण झालं. मी भांडी झाकून फ्रीजमध्ये ठेवली.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी गॅस पेटवत नाहीत, जेवण शेजारून जातं. यवतमाळला हेच आणि पुण्यालाही हेच. संध्याकाळी सगळं आटोपून मंडळी परतली. नातेवाईक एकेक करून आपापल्या घरी गेले, समोरच्या घरात मुलगा एकटाच उरला. सुनेला लेकराला घेऊन यायला सकाळ होणार होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पिठलं पाठवते म्हणून सांगितलं आणि त्या कुकरमधलं गाईला घालून टाक, असंही सुचवलं. त्यांचं बरोबर असेलही. मला ते जमलं नाही. मी काकूंची भांडी काकूंच्याच कुकरमध्ये ठेवली, झाकण लावलं आणि माझ्या ओट्यावर गॅस पेटवला. मग त्या बसायच्या तशी समोर खुर्ची टाकून बसले.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली आणि मी उठून गॅस बंद केला. त्याच हाताने, काही मनात नसताना, फोन उचलून मिस्ड कॉल दिला. रिंग गेल्यावर लक्षात आलं आणि मी घाईने फोन ठेवला. वाटलं, तो आता बंदच असणार, नाहीतर कुठेतरी कपाटात पडलेला असणार.

वाफ बसायच्या आत दार वाजलं. काकूंचा मुलगा उभा होता. केस ओले, अंगावर साधा सदरा आणि हातात आईचा फोन. त्याने तो माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझं नाव होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "आईला मिस्ड कॉल आलाय."

"हो," मी म्हटलं. "कुकर झाला. तुझ्या आईने लावलेला आहे. ये, जेवून घे."